स्टिरिओ स्लाइड माउंट: खर्च कागदात कमी, डायमध्ये जास्त

स्टिरिओ माउंट म्हणजे त्रिमितीय दृश्यासाठी फिल्मवरची दोन चित्रं शेजारी-शेजारी धरणारी चौकट; तिचं प्रमाणित माप ४१ × १०१ मिमी. घडीचा पुठ्ठा वापरला तर उघडा तुकडा ८२ × १०१ मिमी होतो, म्हणजे ए४ कागदातून नीट मांडणी केली तर ६ निघतात. २१० मिमीच्या बाजूला जेमतेम ८ मिमी शिल्लक राहतात. पुठ्ठा आम्लमुक्त घ्या, त्यात काटकसर नको, कारण फिल्म वर्षानुवर्षे त्याला चिकटून राहणार असते. आतली बाजू काळी मॅट असावी.

खरा खर्च डायचा, म्हणजे पुठ्ठा ठराविक आकारात कापणाऱ्या अवजाराचा. स्टील रूल डायमध्ये प्लायवूडच्या खाचांत पोलादी पाती बसवतात आणि तुकडा बाहेर ढकलायला रबर लावतात. पाते बोथट झाले की खिडकीच्या (फिल्म दिसते त्या छिद्राच्या) कडेला तंतू उभे राहतात, आणि व्ह्यूअरच्या भिंगातून तो एकेक तंतू दोरखंडाएवढा दिसतो! म्हणून पाती बदलण्याचा खर्च पहिल्याच हिशेबात धरा. घडीमुळे मागची पाळ थोडी सरकते, त्यामुळे मागच्या खिडक्या प्रत्येक बाजूने अर्धा मिमी मोठ्या ठेवा. लेसरने कापायला डाय लागत नाही, पण जळलेल्या कडेची काजळी थेट फिल्मवर उतरते.

पुठ्ठ्याऐवजी प्लास्टिकच्या माउंटसाठी इंजेक्शन साचा (वितळलेलं प्लास्टिक दाबाने भरायचा साचा) घ्यायचा की नाही, याचं गणित सोपं आहे: साचा डायपेक्षा जितका महाग, त्याला प्रत्येक नगामागे होणाऱ्या बचतीने भागा. तेवढे नग खपणार नसतील, तर पुठ्ठाच बरा.