२५ मिनिटं आणि ओटीपीचा फोन

जीएसटीची कामं करणाऱ्याचा महिना १४ आणि २० या दोन तारखांमध्ये अडकलेला असतो. विक्रीची बिलं ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ या विवरणपत्रात जातात, १४ ला जीएसटी पोर्टलवर २बी येतं, म्हणजे विक्रेत्यांनी दाखवलेल्या आपल्या खरेदीच्या बिलांची यादी, आणि २० च्या आत ३बी, म्हणजे महिन्याच्या कराचं रिटर्न, भरलं गेलंच पाहिजे. मधल्या दिवसांत प्रत्येक पक्षकाराची खरेदी २बीशी ताडून बघायची. सांगलीत गणपती पेठेतल्या माझ्या ऑफिसात किराणावाले आहेत, भांडीवाले आहेत, मार्केट यार्डातले हळदीचे अडते आहेत. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्या सगळ्यांची २० तारीख एकच.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, यात काय, नुसतं टाइप तर करायचं. पण पक्षकाराच्या खात्यात बिल नंबर ४१७ असतो आणि २बी मध्ये तोच ०४१७ असतो, मागे वर्ष जोडलेलं. कॉम्प्युटर ही दोन वेगळी बिलं समजतो. रक्कम तीच, तारीख तीच, म्हणून हे एकच बिल, हे माणसालाच ओळखावं लागतं. अशी पाच-सात बिलं डोक्यात धरून खाली सरकत असते आणि फोन वाजतो. “मॅडम, झालं का ओ आमचं?” उत्तर द्यायला अर्धा मिनिट लागतो. पण परत शीटकडे वळल्यावर ती बिलं डोक्यात राहिलेली नसतात. वरून सुरुवात. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच रेंगाळतो, असं सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये मांडलं. माझ्या टेबलावर ते रोज घडतं.

म्हणून मी टायमर लावून काम करते. ही पद्धत फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन माणसाची. १९८० च्या दशकाच्या शेवटी तो विद्यार्थी होता, अभ्यासात मन लागेना, तेव्हा त्याने स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर लावून बसायला सुरुवात केली. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती, अशा चार पाळ्या झाल्या की जरा मोठी सुट्टी. एवढं बहुतेकांना माहीत असतं. मोबाइलवर ढीगभर ॲप आहेत, पण मी मारुती रोडवरून चावीचा साधा किचन टायमर आणला, कारण मोबाइल हातात घेतला की व्हॉट्सॲप आलंच.

मला या पद्धतीतलं खरं मोलाचं वाटतं ते टायमरच्या शेजारी ठेवलेलं कागदाचं पान. चिरिल्लोने सांगितलंय की मध्ये व्यत्यय आला तर त्याची खूण करायची. आपल्याच मनात काही आलं तर एक खूण, बाहेरून कुणी अडवलं तर दुसरी. मी खुणेपुढे दोन शब्दही लिहिते: ‘चलन?’, ‘गॅसवाला’, ‘ओटीपी’. आठवड्याच्या शेवटी ते पान वाचलं की आपला वेळ कुणी खाल्ला ते समोर दिसतं. माझ्या पानावर ‘ओटीपी’च सगळ्यात जास्त वेळा होता. रिटर्न सबमिट करताना ओटीपी जातो पक्षकाराच्या मोबाइलवर, तो टिकतो दहा मिनिटं, आणि तो माणूस नेमका यार्डात सौद्याच्या गलक्यात उभा. दोन-तीनदा फोन करायचा, तोवर ओटीपी बाद, पुन्हा नवीन. हे सगळं माझ्या हिशोबाच्या पाळीत घुसत होतं.

आता ओटीपीची वेळच वेगळी ठेवली आहे. सौदे आटोपून मंडळी दुपारी पेढीवर टेकतात, तेव्हा एकापाठोपाठ एक फोन लावायचे आणि तयार ठेवलेली रिटर्न पाठवून द्यायची. त्या तासात टायमर लावत नाही. ते काम तुकड्यातुकड्यांचंच आहे, त्याला सलग शांतता लागत नाही.

फोन न उचलणं मात्र आपल्याकडे चालत नाही. वडलांच्या वेळेपासून येणाऱ्या माणसाला “नंतर बोला” कसं म्हणणार? मी म्हणते, “काका, एक हिशोब हातात आहे, वीस मिनिटांत मीच करते फोन.” आणि करते. टायमर वाजल्यावर पहिलं काम तेच. दोन-चार वेळा फोन वेळेवर आला की लोक निर्धास्त होतात, मग तेच विचारतात, “मॅडम, हिशोबात आहात का? मग करा सावकाश.”

२५ हा आकडा मी सगळीकडे धरत नाही. बिलांच्या नोंदींना तो बरोबर बसतो. बँक स्टेटमेंट जुळवायला ४० लागतात, कारण फरक सापडण्याआधीची पंधरा मिनिटं नुसती पाया बांधण्यात जातात. मधल्या सुट्टीत खुर्चीतून उठायचंच, गॅलरीत जायचं, मोबाइल टेबलावरच ठेवून. ही सुट्टी मोबाइलवर घालवली तर डोळ्यांना कसली विश्रांती?

ऑफिसात मदतीला असलेली मुलगीही आता स्वतःचं पान ठेवते. तिच्या पानावर सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं होतं ‘ताईंनी हाक मारली’. म्हणून या महिन्यापासून आम्ही पाळ्या उलटसुलट लावल्या आहेत. माझा टायमर चालू असतो तेव्हा फोन ती घेते, तिचा चालू असतो तेव्हा मी, आणि तिला विचारायचं ते मी माझ्या पानावर लिहून ठेवते.