पोफळीहून गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत, पायी

कुंभार्ली घाटानं चिपळुणात उतरणारा हमरस्ता कागदोपत्री गुहागर–विजापूर म्हणून ओळखला जातो. मला हे नाव फार आवडतं. विजापूर ही आदिलशाहीची राजधानी आणि गुहागरजवळच, खाडीपलीकडचं दाभोळ हे तिचं बंदर. घाटावरून समुद्राकडे येणारी जुनी वहिवाट या नावात अजून जिवंत आहे. तिचा घाटपायथ्यापासून चिपळूणच्या बंदरापर्यंतचा तुकडा या जानेवारीत एका दिवसात चाललो. वीस-बावीस किलोमीटर.

पहाटे सहाला पोफळीत दात वाजत होते. मागे सह्याद्रीची काळी भिंत आणि तिच्या पोटात कोयनेचं भूमिगत वीजघर. वर अडवलेलं हे पाणी खरं तर कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जायचं. ते बोगद्यांतून इकडे पडतं, वीज देतं, कोळकेवाडीच्या धरणात विसावतं, तिथून पुन्हा वीज देऊन चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत जातं. इथे त्याला अवजल म्हणतात. भर उन्हाळ्यातही वाशिष्ठी वाहती असते ती त्याच्यामुळेच. म्हणजे माणसांनी आणि बैलांनी जी दिशा धरली, तीच आता या पाण्याचीही.

शिरगावात चहा घेतला. बाकावरच्या आजोबांनी माझ्या पाठपिशवीकडे बघून विचारलं, "चालत कशाला जाताव? यष्टी हाय ना."

मी म्हटलं, "पूर्वी बैल घेऊन लोक चालतच जायचे ना, बाबा?"

"जायचे तर! मीठ घेऊन वर, गूळ-मिरची घेऊन खाली."

एवढं बोलून त्यांनी माझ्या चहाचेही पैसे दिले.

पुढे अलोरे, पिंपळी, खेर्डी. चालायचं ते डांबरावरूनच. ट्रक अगदी अंगावरून जातात, खेर्डीला कारखाने सुरू होतात. या पट्ट्यात रमण्यासारखं फारसं काही नाही. बहादूरशेख नाक्यावर मुंबई–गोवा महामार्ग आडवा येतो आणि शहर लागतं.

बाजारात एका दुकानाच्या भिंतीवर मालकानं निळी रेघ मारून ठेवली आहे, खाली तारीख: २२ जुलै २०२१. रेघ माझ्या डोक्याच्या बरीच वर होती. मी हात उंचावला, तरी पोचला नाही. "पाणी उतरेना," ते म्हणाले, "समुद्राला भरती होती." त्यांच्या वाक्यानं दिवसभराची वाट माझ्या डोक्यात जुळून आली. भरतीचं पाणी खाडीतून इथवर चढतं, म्हणूनच गलबतं इथवर येत. बैलांच्या पाठीवरच्या गोण्या इथे उतरत आणि होड्यांत चढत. चिपळूण वसलं ते या अदलाबदलीच्या जागेवर. आणि घाटावरचा पाऊस कोसळत असताना त्याच भरतीनं तोंड अडवलं, की शहर बुडतं. ज्या पाण्यानं पेठ उभी केली, तेच पाणी तिच्या घरात शिरतं. हे समजूनही लोकांनी दुकानं त्याच जागी पुन्हा उघडली. त्या निळ्या रेघेखाली मालक शांतपणे तांदूळ मोजत होते.

गोवळकोटला पोचलो तेव्हा पाच वाजले होते. करंजेश्वरीचं दर्शन घेतलं, गोविंदगडावर न चढता सरळ धक्क्यावर गेलो. तळपायाला फोड आले होते. इथून खाली दाभोळ. पंधराव्या शतकात रशियाचा व्यापारी अफानासी निकितीन मायदेशी परतताना दाभोळलाच जहाजात चढला. अरबस्तानातून घोडे उतरतात ते हे मोठं बंदर, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. आता गोवळकोटच्या धक्क्याला दोन होड्या बांधलेल्या होत्या, एकीत जाळं वाळत होतं.

पाणी आधी थांबल्यासारखं झालं. मग एक काटकी समोरून उलटी, शहराकडे सरकू लागली. भरती लागली होती. मी बूट काढले आणि पायरीवर खाली सरकलो.

"पाय नको घालू पाण्यात," होडीतला माणूस म्हणाला, "मगर हाय."

मी वरच्या पायरीवर बसलो. काटकी दिसेनाशी होईपर्यंत तिथेच होतो.