गाडीतला कुबट वास आणि लीड्सचं ऊन

इंग्लंडात गाडीचं वय लपत नाही. ते नंबरप्लेटवरच लिहिलेलं असतं: '१२' म्हणजे मार्च ते ऑगस्ट २०१२, '६२' म्हणजे त्यापुढचे सहा महिने. आमची ६२वाली. इंजिन ठणठणीत, दरवर्षीच्या एमओटी तपासणीत निमूट पास होणारी. त्या तपासणीत ब्रेक, टायर, दिवे, धूर सगळं बघतात. वास मात्र कोणी घेत नाही. आणि आमच्या गाडीचं दार उघडलं की श्रावणात न वाळलेल्या सतरंजीसारखा कुबट दर्प यायचा.

पुण्यात असते तर एप्रिलच्या उन्हात चारी दारं उघडून दुपारभर गाडी उभी केली असती. लीड्सला डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि त्याआधी तो उगवला होता याचा पुरावा रोज मिळतोच असं नाही. म्हणून इथे सुगंधाच्या बाटल्या घेण्याआधी गाडीत पाणी कुठे मुरलंय ते शोधावं लागतं.

सकाळी काचा आतून धुरकटलेल्या दिसल्या तर आत ओल आहे असं खुशाल समजा. पायाखालचे मॅट उचलून कार्पेटवर वर्तमानपत्र दाबून बघा. मग डिकीचा तळ उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात डोकवा. मागच्या दिव्यांच्या रबरातून झिरपलेलं पाणी तिथे साचतं आणि वरून काही कळत नाही. तिसरी जागा बॉनेटच्या मागच्या कडेला, वायपरखाली. ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथली झाडं धडाधड पानं टाकतात, ती त्या पन्हळीत कुजतात, पाणी जायची भोकं बुजतात आणि पाणी ब्लोअरच्या वाटेने आत येतं. आमच्याकडे हेच झालं होतं. रबरी हातमोजे घालून ओंजळभर काळा चिखल उपसला. खर्च शून्य.

त्याच वाटेवर पोलन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, बसतो, बऱ्याच गाड्यांत ग्लव्हबॉक्सच्या मागे. नवा दहा पौंडांच्या आसपास मिळतो आणि ग्लव्हबॉक्स उतरवता आला की हाताने बदलता येतो. कडेवरचा बाण हवेच्या दिशेने राहील एवढं बघायचं. जुना फिल्टर नाकाजवळ नेण्याचं धाडस करू नका.

यानंतरची गोष्ट फुकटची, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची: थंडीत हीटरबरोबर एसीही लावा. आतल्या हवेतलं बाष्प थंड कॉइलवर पाणी होऊन गाडीखाली गळून जातं आणि हीटरपर्यंत कोरडी हवा पोचते. (पारा शून्याजवळ गेला की बहुतेक गाड्यांचा कॉम्प्रेसर चालूच होत नाही, तेवढे दिवस सोडून.) आतलीच हवा फिरवणारं बटण बंद ठेवायचं, नाहीतर सगळ्यांचा श्वास आतच कोंडतो. आणि मुक्कामाला पोचायच्या चार-पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवायचा, म्हणजे कॉइल वाळते आणि तिच्यावर बुरशी धरत नाही. रत्नागिरी-पणजीच्या पावसाळ्यातही हे तितकंच उपयोगी.

गाडी कोरडी झाली की मग खाण्याचा सोडा. सुपरमार्केटात केकच्या सामानाजवळची इवलीशी डबी महाग पडते. साफसफाईच्या फळीवर तोच सोडा मोठ्या खोक्यात स्वस्त असतो. रात्री सीटवर भुरभुरवायचा, सकाळी पेट्रोल पंपावरच्या व्हॅक्यूमने ओढून घ्यायचा. घाम, आंबलेलं दूध अशा आम्लधर्मी वासांवर तो चालतो. ओल्या सीटवर टाकलात तर मात्र पांढरे डाग पदरात. मोज्यात भरून ठेवायच्या कॅट लिटरचं (मांजराच्या शी-शूसाठीचे, ओल शोषणारे दाणे) इथे फार कौतुक आहे, पण पाण्याची वाट बंद केल्याशिवाय ते किती पुरणार?

सांडलेल्या दुधाला नुसता सोडा पुरत नाही. इथे कपडे धुण्याच्या साबणावर 'बायो' किंवा 'नॉन-बायो' लिहिलेलं असतं. बायोत प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात. ते कोमट पाण्यात पातळ करून कापडी सीटवर लावायचं, तासभर थांबून ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. चामड्याच्या सीटला लावू नका.

आधीचा मालक सिगारेट ओढणारा असेल तर काम वाढतं. गाडीत १८ वर्षांखालचं मूल असताना सिगारेट ओढायला इथे १ ऑक्टोबर २०१५पासून बंदी आहे, पण एकट्याला कोण अडवणार! पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून काचा, डॅशबोर्ड, दाराचं प्लॅस्टिक पुसून काढा. फडकं पिवळं होतं. छताचं कापड भिजवू नका, त्याचा गोंद सुटून ते डोक्यावर लोंबतं.

एक वास मात्र घरच्या उपायांचा नाही. गोडसर वास येतोय आणि समोरच्या काचेवर आतून चिकट थर धरतोय, तर हीटरमधून कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) गळत असण्याची शक्यता मोठी. थेट गॅरेज गाठा.

एवढं सगळं करूनही आमच्या गाडीत थोडा हिंग-मोहरीचा वास राहिलाच. त्याचा उगम गाडीत नव्हता. थंडीत घराच्या खिडक्या बंद, कोट स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेले, आणि तेच कोट घालून आम्ही सीटवर टेकणार. आता कोट वरच्या मजल्यावर जातात, आणि फोडणी टाकण्याआधी स्वयंपाकघराचं दार लागलंय का ते बघायचं काम मुलाकडे आहे.