आमची वाटचाल : पाट्यांकडून आवाजाकडे

आमचा मूळ धंदा प्रदर्शनाचे स्टॉल उभारण्याचा. प्लायवूड, फ्लेक्स, दिवे, आणि वेळेवर न येणारा सुतार. आम्ही दोघे भागीदार. एकदा जुन्या भांड्यांची मांडणी करायचं काम आलं. आयोजकांनी दिलेल्या पाटीवर एवढंच होतं : ‘पातेले, पितळ’. बघायला आलेल्या एक आजी त्या पातेल्यापुढे अर्धा तास बोलत राहिल्या. यात काय शिजायचं, पोचा कशाने पडला, कोणाला हात लावायची मुभा नव्हती. लिहून घ्यायला आमच्याकडे धड कागदही नव्हता. भागीदार म्हणाला, ‘‘पातेलं ठेवलंय काचेत आणि आजी चालल्या घरी.’’

मग आम्ही रेकॉर्डर घेतला, स्वयंपाकाच्या कृती आणि आठवणी माणसांच्याच तोंडून टिपून प्रदर्शनात मांडायला.

पहिल्या पाच-सहा मुलाखती वाया गेल्या. दिवाणखान्यात बसवून ‘कृती सांगा’ म्हटलं की माणसं पुस्तकातल्यासारखी बोलतात. वाटी, चमचा, दहा मिनिटं. शहाणपण उशिरा सुचलं : स्वयंपाकघरात जायचं आणि हात चालू असताना विचारायचं. ‘‘आजी, पीठ कितपत मऊ?’’ त्यांनी पिठाळ बोटांनी स्वतःच्या कानाची पाळी दाबून दाखवली. ‘‘एवढं.’’ रेकॉर्डिंगमध्ये त्या जागी फक्त शांतता आहे! तेव्हापासून मुलाखत घेणारा तिथल्या तिथे मोठ्याने म्हणतो, ‘‘म्हणजे कानाच्या पाळीसारखं.’’ पुढे वाचनात आलं की तुर्की आणि जपानी स्वयंपाकातही पिठाचं माप हेच.

स्वयंपाकघरातला आमचा शत्रू म्हणजे फ्रिज. कानाला तो जाणवत नाही, माइकला जाणवतो. परवानगी घेऊन बंद करायचा. एका घरी तो चालू करायचा राहिला आणि दुसऱ्या दिवशी फोनवर जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही. आता गाडीच्या किल्ल्या फ्रिजमध्येच ठेवतो. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची ही जुनी युक्ती. किल्ल्या घ्यायला गेलं की फ्रिज आठवतोच.

ध्वनिमुद्रण 48 किलोहर्ट्‌झ, 24 बिटवर, वेव्ह फाइलमध्ये, म्हणजे आवाज न आवळता पूर्ण दर्जात. एका माइकचा तासभर आवाज साधारण 500 एमबी होतो, तीन ठिकाणी प्रती ठेवायच्या म्हणजे डिस्कचा खर्च आलाच. त्याहून जड काम उतरवून घेण्याचं. तासाभराच्या बोलण्याला आमचे सहा-सात तास जातात, कारण बोली सुधारायची नाही असं ठरवलंय. ‘प्रमाण भाषेत द्या’ म्हणणारी गिऱ्हाइकं येतात. त्यांना आम्ही दोन्ही देतो, पण पॅनेलवर मूळच लावतो.

संमतिपत्राचा धडा वेगळा मिळाला. एका गिऱ्हाइकाला प्रदर्शन संपल्यावर त्याच कृती पाकिटबंद मालावर छापायच्या होत्या. आमच्या कागदात तसं कुठेच ‘नाही’ लिहिलेलं नव्हतं. शेवटी नको म्हणून सांगितलं, उरलेलं बिल बुडालं. आता कुठे ऐकवायचं, कुठे नाही, धंद्यासाठी वापरायचं का, आणि उद्या मन बदललं तर काय, हे चारही प्रश्न बोलणाऱ्यापुढे वाचून दाखवतो. पहिली प्रत त्यांच्या घरी जाते, मग आमच्या कपाटात. 2003 च्या युनेस्को करारात अमूर्त वारशाची (म्हणजे रीती, कला, कौशल्यं अशा हातात न धरता येणाऱ्या ठेव्याची) ओळख त्या समाजाने स्वतः पटवायची म्हटलंय. आम्हाला मात्र ते बुडालेल्या बिलाने शिकवलं.

मांडणीतही आपटलो. हौसेने खरं धान्य ठेवलं, आठवड्यात सोंडे निघाले आणि शेजारच्या कापडापर्यंत पोचले. आता धान्य आधी उणे 20 अंशांवर दोन आठवडे, मग बंद बरणीत. हस्तलिखित वह्यांवर 50 लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड नाही. लोक ‘अंधार आहे’ म्हणून कुरकुरतात, पण शाई एकदा उडाली की परत येत नाही.

आमच्या स्टॉलवरची सगळ्यात चांगली गोष्ट मात्र आमच्या डोक्यातून आली नाही. एका पॅनेलवर कोणीतरी पेनाने काट मारून लिहिलं होतं, ‘चूक. आधी मीठ नाही.’ भागीदार चिडला. मी ते पॅनेल तसंच ठेवलं. संध्याकाळपर्यंत खाली आणखी तिघांची हस्ताक्षरं होती, एकमेकांशी भांडणारी. त्या तिघांतल्या दोघी नंतर मुलाखतीला तयार झाल्या. आता प्रत्येक पॅनेलशेजारी सुतळीला बांधलेली पेन्सिल असते आणि खाली वीतभर जागा कोरी सोडलेली. पेन्सिली चोरीला जातात, म्हणून आम्ही डझनावारी घेतो.

मिठाचं अजून ठरलेलं नाही.