रिकामा टॅग: व्याकरण कुठवर सांगतं?

दादरच्या एका वाचनालयाची ग्रंथसूची जुन्या कार्डांवरून एक्सएमएलमध्ये, म्हणजे माहितीला नावांचे टॅग लावून ती लिहायच्या भाषेत, आणायचं काम माझ्याकडे होतं. मूळ मराठी पुस्तकाला अनुवादक नसतो, म्हणून ती जागा रिकामी. नोंदी करणाऱ्यांपैकी काहींनी <अनुवादक></अनुवादक> असं लिहिलं, काहींनी <अनुवादक/>. (टॅगची नावं देवनागरीत चालतात, १९९८ च्या पहिल्या आवृत्तीपासून. पुष्कळांना हे अजून ठाऊक नाही.)

सहकारी म्हणाला, "अरे, हे दोन वेगळे आहेत. जोडी म्हणजे एम्प्टी स्ट्रिंग, मजकूर आहे पण रिकामा; एकेरी म्हणजे नल, किंमतच नाही." ग्रंथपाल मॅडमना नेमका असाच फरक हवा होता: अनुवादक मुळात नाही, की कार्डावर लिहायचा राहिला?

मी थेट एक्सएमएलचं मानकच उघडलं, २००८ ची पाचवी आवृत्ती. नियम ३९ म्हणतो, एलिमेंट (माहितीचा एक घटक) म्हणजे एकतर रिकाम्या एलिमेंटचा टॅग, नाहीतर सुरुवातीचा टॅग, मजकूर आणि शेवटचा टॅग. नियम ४३ पाहिला, तर त्या मजकुरातलं काहीच सक्तीचं नाही. म्हणजे मधे काही नसलेली जोडीही शुद्धच. शिवाय कलम ३.१ मध्ये सरळ लिहिलंय की मजकूर नसलेला एलिमेंट या दोन्हींपैकी कसाही लिहावा. नल हा शब्द तिथे नाहीच.

त्याच कलमातलं एक वाक्य मात्र मी पुन्हापुन्हा वाचलं. एकेरी टॅग 'एम्प्टी', म्हणजे कायम रिकामा, म्हणून जाहीर केलेल्या एलिमेंटलाच वापरावा, असं ते सुचवतं. पण ती शिफारस आहे, बंधन नाही. १९८६ च्या एसजीएमएल (एक्सएमएलची पूर्वज भाषा) मानकावर चालणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमना अडचण येऊ नये म्हणून घातलेली. आमच्याकडे तसा एकही प्रोग्रॅम नव्हता.

मोकळ्या जागेबाबत व्याकरण फार काटेकोर आहे आणि मला ते आवडतं. नियम ४४ प्रमाणे <अनुवादक /> चालतं, पण तिरक्या रेघेनंतर जागा सोडली की फाइल नापास. आणि जोडीच्या मधे एंटर दाबला असेल, तर तो एलिमेंट रिकामा उरत नाही, त्यात एक नवी ओळ असते. अशा नोंदी शोधून साफ केल्या.

प्रकाशनवर्षाचा प्रश्न निराळा. स्कीमात (कोणत्या जागी काय चालेल हे ठरवणाऱ्या नियमावलीत) त्याचा प्रकार वर्ष, आणि रिकामी स्ट्रिंग हे वर्ष नव्हे. त्यामुळे टॅग एकेरी असो वा जोडीचा, तपासणीत दोन्ही अडकले.

मॅडमना हवा असलेला फरक टॅगच्या रूपात ठेवणं धोक्याचं होतं, कारण फाइल पुन्हा सेव्ह करताना सॉफ्टवेअर एक रूप बिनदिक्कत दुसऱ्यात बदलू शकतं. कॅनॉनिकल एक्सएमएल, म्हणजे फाइलचं ठरलेलं प्रमाण रूप, तर प्रत्येक एकेरी टॅगची जोडीच करतं. म्हणून स्कीमा बदलला. अनुवादक नसेल तर एलिमेंट लिहायचाच नाही. कार्डावर राहिला असेल तर एलिमेंट रिकामा ठेवून त्याच्या टॅगमध्येच निल हे ॲट्रिब्यूट ('किंमत नाही' अशी खूण) 'ट्रू' द्यायचं. वर्षालाही हाच नियम लावला.