शनिवारी तलाव, रविवारी रान

शनिवार, जानेवारी

विदर्भाला समुद्रकिनारा नाही. गोंदिया-भंडाऱ्याच्या या पट्ट्यात किनारा म्हणजे माजी मालगुजारी तलावाची (जुन्या जमीनदारांनी बांधवलेल्या तळ्याची) पाळ, मातीचा बांध. बदकं पाहण्यापुरतं म्हणाल तर ती पुरून उरते.

सूर्य पावणेसातच्या सुमारास वर येतो, त्याच्या अर्धा तास आधी जागा धरलेली बरी. पण कोणती जागा? बहुतेक जण चढायला सोपी म्हणून थेट पाळीवर जातात. पाळ पश्चिमेला असली की सकाळभर तोंडावर ऊन, आणि पाण्यावरचं प्रत्येक बदक काळं. सकाळी पूर्वेच्या काठावर, ऊन पाठीशी घेऊन बसायचं. पाळीवर जायचंच तर दुपारनंतर, तेही माथ्यावर उभं न राहता उतारावर बेशरमाच्या झुडपांच्या आडोशाला. माथ्यावरचा माणूस आभाळाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसतो आणि अख्खा थवा पाण्याच्या मध्यात सरकतो.

दुर्बीण ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरे. १०×ची हातात थरथरते, आणि थंडीत जास्तच. मागून आणलेली असेल तर आधी ती आपल्या डोळ्यांना लावून घ्यावी: उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने एखादं वाळलेलं खुंट स्पष्ट करायचं, मग डावा मिटून उजव्या नळीवरची कडी फिरवायची. त्यानंतर दिवसभर फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर रबरी कडा खाली दाबायच्या. भिंगावर धूळ बसली की दुपट्ट्याने पुसू नये, आधी फुंकर. ओरखडा एकदा पडला की पडला.

ओळखीचं अर्धं काम नावांनीच करून ठेवलंय. तलवार बदकाची शेपटी टोकदार, थापट्याची चोच फावड्यासारखी पसरट. उडताना पाहिलं तर आणखी सोपं: तलवार, थापट्या पाण्यातून सरळ वर उसळतात, तर लालसरी पाण्यावर धावत जाऊन मग हवा धरते. वारकरी, म्हणजे चांदवाही तसाच धावतो, पण पांढरं कपाळ दुरूनही चुकत नाही. माद्यांवर मात्र फार वेळ घालवू नये. खात्री नसेल तर ‘बदक, अनोळखी’ लिहावं. अंदाजाने टाकलेलं नाव यादीत कायमचं बसतं.

मोजताना आधी दहा पक्षी नीट मोजून तेवढा ठोकळा डोळ्यात बसवायचा आणि मग ठोकळे मोजायचे. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. लालसरीला हे पुरत नाही, कारण दर वेळी काही पाण्याखाली असतात. चार-पाच फेऱ्या करून त्यातला सगळ्यात मोठा आकडा धरावा. दहानंतर पाण्यावर वाफ थरथरू लागते, लांबचं काही मोजू नये.

सारस तलावापेक्षा कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांत (शेताच्या तुकड्यांत) शोधावा. धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) शेतकऱ्याला विचारलं की जोडी कुठे उतरते ते तो हात करून दाखवतो. पिल्लाचं डोकं तांबूस-पिवळं, मोठ्यांचं लाल. खाणं थांबून दोन्ही माना ताठ झाल्या की आपण जास्त जवळ आलो, निमूट मागे फिरावं. एकच जोडी सकाळी या बोडीत (लहान तळ्यात) आणि दुपारी त्या तलावात दिसून दोन जोड्या म्हणून नोंदली जाते, म्हणून वेळ आणि उडाल्याची दिशा लिहायची. सारसांची गणना पहाटे, सगळ्या ठिकाणी एकाच वेळी करतात ती याचसाठी.

रविवार

रानात कालच्या सवयी उलट्या करायच्या. काल डोळे, आज कान.

नागझिरा अभयारण्यात जिप्सीतून उतरता येत नाही, आणि इंजिनाच्या आवाजात बारीक पक्षी ऐकूच येत नाहीत. पायी हिंडायचं तर गावाजवळचं रान, पण गावातला जाणकार सोबत हवा. अस्वलाचा मुलूख आहे हा. तासाला एक किलोमीटरपेक्षा जास्त चाललं तर ते पक्षिनिरीक्षण नव्हे, रपेट झाली. सागाची वाळकी पानं पायाखाली कुरकुरतात, तेव्हा चालण्यापेक्षा ऐनाच्या बुंध्याला टेकून वीस मिनिटं उभं राहणं फायद्याचं.

थंडीत वेगवेगळे पक्षी एकत्र टोळी करून चरत येतात: निखार, रामगंगा, चष्मेवाला, नाचण, शिलींध्री, पाठोपाठ कोतवाल. टोळी दोन-तीन मिनिटांत निघून जाते. सगळ्यांच्या दुर्बिणी भृंगराजाच्या (कोतवालाच्याच एका भाऊबंदाच्या) शेपटीतल्या दोन पिसांवर खिळतात आणि खोडावरून उलटी उतरणारी शिलींध्री राहून जाते. म्हणून क्रम ठरवावा: आधी खोड, मग फांद्या, शेंडा शेवटी. भृंगराज कुठे जात नाही, तो ओरडून सांगतो.

त्याच्या ओरडण्यानेच फसगतही होते. तो शिक्र्याची, म्हणजे एका लहान शिकारी पक्ष्याची, हुबेहूब नक्कल करतो. नुसता आवाज ऐकून शिक्रा लिहू नये, पक्षी दिसेपर्यंत थांबावं. मोबाईलवर आवाज लावून बोलावणं तर नकोच. आपली हद्द राखायला पक्षी चरणं सोडून धावत येतो, आणि पहाटेच्या थंडीत ते त्याला महागात पडतं.

रात्री दोन याद्या वेगळ्या भरायच्या. तलावाची एका जागेवरून, रानाची चालत, अंतर आणि वेळ लिहून. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर, दिसलेले-ऐकलेले आणि ओळखता आलेले सगळे पक्षी टाकले तरच यादी पूर्ण म्हणायची. कावळा, साळुंकी, सातभाई गाळले की ती अपुरी. आजच्या यादीत शिक्र्यासमोर काहीच नाही. आवाज तीनदा आला होता.