कुत्री दत्तक घ्यायच्या आधीची आमची तयारी – माझा अनुभव

शेल्टरमधून एक मोठी, वयात आलेली कुत्री आणायचं आमचं नक्की झालं आणि जो तो विचारायला लागला, पट्टा घेतला का, भांडी घेतली का, गादी कुठली घेताय. ती खरेदी एका संध्याकाळी उरकते हो. खरा वेळ गेला तो घरातल्या माणसांचं एकमत करण्यात, आणि मला तर ठाम वाटतं की मुख्य तयारी तीच.

घरात नवरा, मुलगी, सासरे आणि मी. सासऱ्यांना लहानपणी कुत्रा चावलेला, त्यामुळे ते नको म्हणत नव्हते पण हो पण म्हणत नव्हते. त्यांच्या मागे लागण्यापेक्षा आम्ही सरळ विचारलं, बाबा, तुम्हाला नक्की काय चालणार नाही? ते म्हणाले, माझ्या खोलीत नको आणि जेवताना पायाशी नको. बस एवढंच! मग त्यांच्या दाराला बेबी गेट बसवलं, जेवणाच्या वेळी ती तिच्या जागेवर राहील असं ठरवलं, आणि एवढ्यावर ते इतके निर्धास्त झाले की शेल्टरमध्ये तिला भेटायला स्वतःहून आमच्यासोबत आले. आणायच्या आधी घरातल्या प्रत्येकाने एकदा तरी भेटावंच, फोटो बघून ठरवू नये.

बाकीचे नियम पण तेव्हाच ठरले, सोफ्यावर चढू द्यायचं की नाही, रात्री कुठे झोपणार, सकाळी फिरवायला कोण नेणार, आणि ते लिहून फ्रीजवर लावले, कारण एकाने लाडाने वर घ्यायचं आणि दुसऱ्याने ओरडून खाली उतरवायचं यात त्या मुक्या जिवाने काय समजायचं? मुलीला सांगितलं की कुत्री खात असताना किंवा झोपलेली असताना तिला हात लावायचा नाही, गळ्यात पडायचं नाही. सारखे ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभया देणं, मान फिरवणं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, हे दिसलं की लांब व्हायचं. शेपटी हलतेय म्हणजे खूशच आहे असं नसतं. आणि गुरगुरली तर कोणी रागवायचं नाही, ती आपल्याला आधी सांगतेय, ते सांगणं बंद करायला लावलं तर पुढच्या वेळी सरळ चावेल.

घर बघताना मी खाली बसून तिच्या उंचीवरून बघितलं. लोंबणाऱ्या वायरी, उघडा डस्टबिन, आणि सगळ्यात वाईट म्हणजे उशापाशी पडलेल्या गोळ्या. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन आपल्याला साध्या वाटतात पण कुत्र्याला विषारी ठरू शकतात. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण हे सगळं वरच्या कपाटात गेलं. बऱ्याच शुगर फ्री च्युइंग गममध्ये झायलिटॉल नावाचा गोडीसाठी घातलेला पदार्थ असतो, त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने खाली येते, म्हणून पर्सपण आता उंच खुंटीवर असते. झाडांमध्ये कण्हेर, डिफेनबाकिया आणि सायकस विषारी, ती देऊन टाकली. फरशी गुळगुळीत म्हणून पाय घसरू नयेत यासाठी मॅट टाकल्या.

तिची जागा हॉलच्या कोपऱ्यात केली, जिथून माणसं दिसतात पण कोणी सारखं ये-जा करत नाही. क्रेट, म्हणजे तिचा झोपायचा पिंजरा, असा घेतला की आत नीट उभं राहता येईल, वळता येईल, आणि शिक्षा म्हणून तिला त्यात कधीच कोंडायचं नाही.

शेल्टरकडून लसीकरणाचे, जंताच्या औषधाचे, नसबंदीचे कागद घेतले आणि ती जे खात होती तेच खाणं आणलं. बदलायचं असेल तर जुन्यात नवीन थोडं थोडं मिसळत आठवडा-दहा दिवसांत बदलायचं, नाहीतर पोट बिघडतं.

आता जे सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. नवीन आणलेला कुत्रा पळून जाण्याची भीती पहिल्या दिवसांतच जास्त असते, कारण त्याला हे आपलं घर आहे हे अजून माहीतच नसतं आणि सुटला तर परत कुठे यायचं हेही माहीत नसतं. म्हणून शेल्टरच्या दारातून निघायच्या आधीच फोन नंबरचा टॅग गळ्यात, एक लीश (धरायची दोरी) गळ्यातल्या कॉलरला आणि दुसरी हार्नेसला, म्हणजे छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला. घरी नियम असा की बाहेरचं दार उघडायच्या आधी कोणीतरी तिला धरायचं किंवा मधलं दार लावायचं, डिलिव्हरीवाला कितीही घाईत असो. गाडीचं दारसुद्धा लीश हातात आल्याशिवाय उघडायचं नाही.

आल्यावर पाहुणे बंद, अंघोळ नाही, फक्त शांतता. तीन दिवस बावरणं, तीन आठवडे घराची सवय, तीन महिने रुळायला, असा एक ढोबळ अंदाज सांगतात, आमचंही तसंच झालं. पहिल्या रात्री ती जेवली नाही. नवीन जागी एखादं जेवण चुकतं, पण पाणीही पीत नसेल किंवा उलट्या-जुलाब असतील तर वाट न बघता डॉक्टरकडे न्यावं.

आणि सुट्टी काढली असेल तर दिवसभर तिला चिकटून बसू नका. आम्ही सुरुवातीपासून रोज काही मिनिटं सगळेच बाहेर जायचो, जाताना निरोप नाही, आल्यावर गाजावाजा नाही, मग ती वेळ हळूहळू वाढवत नेली, त्यामुळे सुट्टी संपून ऑफिस सुरू झालं तेव्हा ती आरामात एकटी राहिली.